बैठकीत नर्स काही बोलली का?

अंबरनाथ पश्चिमेला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या आसऱ्याने वाढलेल्यांना मोजमापाचं महत्त्व सांगावं लागत नाही. मापात न बसलेला भाग बाद, विषय संपला. पण पाच-सहा तज्ज्ञ एका बाईच्या स्तनातल्या गाठीवर काय करायचं ते ठरवतात, तेव्हा त्यांचं एकमेकांशी जमलं की नाही, हे कोणत्या मायक्रोमीटरने मोजणार?

आधी ऑपरेशन की आधी केमो, हे आता एकटा सर्जन ठरवत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात त्यासाठी अवयवानुसार गट आहेत. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोने 1995 मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी अशी टीम सुरू केली. पुढे 13,722 स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तर तिथले या कर्करोगाने झालेले मृत्यू शेजारच्या भागांपेक्षा 18 टक्के कमी निघाले. सगळं श्रेय टीमचंच, असं यावरून छातीठोक म्हणता येत नाही. पण आकडा दुर्लक्षून चालणारा नाही.

अशा टीमची बैठक मोजण्याची रीत लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी बसवली. निरीक्षक बैठकीत बसतो आणि प्रत्येक रुग्णाच्या चर्चेला 1 ते 5 गुण देतो. स्कॅन नीट मांडला का? इतर आजार सांगितले का? घरची परिस्थिती, रुग्णाचं म्हणणं? सर्जन किती बोलला, नर्स किती? मला आधी हे शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखं वाटलं होतं. निकाल वाचल्यावर हसू थांबलं. आजाराचा इतिहास आणि स्कॅन यांना भरपूर गुण. रुग्णाची इच्छा, घरची परिस्थिती तळाला. सर्जन वर, नर्स खाली.

याची किंमत ब्रिस्टलच्या 2006 मधल्या एका अभ्यासात दिसते. बैठकीतल्या 273 निर्णयांपैकी 41 पुढे तसेच राबवले गेले नाहीत. मुख्य कारणं दोन: रुग्णाचे इतर आजार आणि त्याची स्वतःची निवड.

आता अंबरनाथची बाई घ्या. रेडिएशन म्हणजे सहसा आठवड्याचे पाच दिवस, तेही काही आठवडे सलग. सकाळच्या गर्दीत परळपर्यंतचा लोकलचा प्रवास, परतीचा तेवढाच, घरी लहान मूल. स्कॅनमध्ये यातलं काही उमटत नाही. ते नर्सला ठाऊक असतं, किंवा समाजसेवा विभागातल्या ताईंना. त्या बैठकीत असतील आणि कोणी त्यांना विचारलं, तरच घरच्या परिस्थितीच्या रकान्यात 1 च्या वरचा आकडा पडतो.