बर्फात आजीचं काय?

मंडळी, आपण तळोज्याची, म्हणजे समुद्रसपाटीवरची माणसं. तरी आमच्या नातीने यंदा स्कीइंगचा हट्ट धरला. बेत ठरत आला, तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "तुम्ही जा सगळे. मी खोलीत बसेन." आम्ही तिथेच थांबलो.

आपण आधी उतार निवडतो आणि उरलेल्यांची 'सोय' मागाहून लावतो. जॉन रॉल्स यांनी १९७१च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस'मध्ये सुचवलं, की समाजाचे नियम ठरवताना त्यात आपली जागा कोणती हे ठाऊक नाही असं धरा. सहलीलाही तेच लावू या. आपण नात असू की गुडघे दुखणारी आजी, हे माहीत नसेल तर कुठे जाऊ?

गुलमर्ग पाहा. गाव सुमारे २,६५० मीटरवर. नवशिक्यांचे उतार पायथ्याशीच, म्हणजे नात शिकताना आजीला दिसते. गोंडोलाच्या पहिल्या टप्प्याने कोंगदूरीला जाऊन चहा घेता येतो. दुसरा टप्पा जवळजवळ ३,९५० मीटरवर नेतो. तिथे हवा विरळ, हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. औलीहून नंदादेवी सुरेख दिसते, पण जोशीमठचा रोपवे जानेवारी २०२३मध्ये जमीन खचल्यावर बंद पडला. तिकडे जायचं तर वर कसं पोचणार, हे आधी विचारावं.

बुकिंगपूर्वी घरातल्या न खेळणाऱ्या माणसाला एवढंच विचारा: दहा ते तीन काय कराल? उत्तर "खोलीत बसेन" आलं, तर ठिकाण बदला.