मैदानांतील जय आणि मतपेटींतील पराजय

एका क्षेत्रांत मिळविलेली कीर्ति दुसऱ्या क्षेत्रांत कितपत उपयोगीं पडते, हा प्रश्न जुनाच आहे. धनुर्विद्येचे नियम निराळे व द्यूताचे निराळे, हें महाभारत वाचणाऱ्यांस सांगावयास नको. तथापि लोकप्रिय खेळाडू दिसला कीं त्यास निवडणुकीस उभा करावा, हा मोह राजकीय पक्षांस आवरत नाहीं. या बाबतींत सिक्कीमचे प्रख्यात फुटबॉलपटु बायचुंग भूतिया यांचें चरित्र बोधप्रद असल्यामुळें तें आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

सिक्कीम भारतांत समाविष्ट झालें तें १९७५ सालीं. त्यानंतर अवघ्या दीड वर्षानें, ता. १५ डिसेंबर १९७६ रोजीं, दक्षिण सिक्कीममधील तिनकितम या डोंगरी खेड्यांत एका शेतकरी कुटुंबांत भूतिया यांचा जन्म झाला. खेळाची शिष्यवृत्ति मिळवून ते गंगटोक येथील ताशी नामग्याल विद्यालयांत शिकले. १९९२ सालच्या सुब्रोतो चषक स्पर्धेंत उत्कृष्ट खेळाडू म्हणून त्यांची निवड झाली, आणि पुढच्याच सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, शाळा सोडून ते कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल क्लबांत दाखल झाले. शाळा सोडण्याचें समर्थन आमच्यासारख्या शिक्षकी पेशांत जन्म घालविलेल्यांकडून व्हावयाचें नाहीं. परंतु त्या मुलाचें शिक्षण तेथें थांबलें नाहीं, गुरु मात्र बदलले, एवढें मान्य केलें पाहिजे.

ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांची चुरस बंगालमध्यें घरोघर चालते. ता. १३ जुलै १९९७ रोजीं फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यास सॉल्ट लेक मैदानावर सुमारें १ लक्ष ३१ हजार प्रेक्षक लोटले होते. ईस्ट बंगालनें तो सामना ४-१ असा जिंकला व त्यांतील तीन गोल एकट्या भूतियांचे होते. १९९९ सालीं इंग्लंडांतील बरी क्लबाशीं करार करून ते परदेशीं गेले. २००३ सालीं जाकार्ता येथें ईस्ट बंगालनें आसियान क्लब स्पर्धा जिंकली, तींत सर्वांत अधिक गोल त्यांनींच केले. त्यांच्या नेतृत्वाखालीं भारतानें २००८ सालीं एएफसी चॅलेंज चषक पटकाविला व त्यामुळें २७ वर्षांच्या खंडानंतर २०११ सालीं आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेंत देशास प्रवेश मिळाला. १९९८ सालीं अर्जुन पुरस्कार आणि २००८ सालीं पद्मश्री, असे सन्मान त्यांस मिळाले.

सार्वजनिक प्रश्नांची आस्था त्यांस निवृत्तीनंतर एकाएकीं उत्पन्न झाली असें मात्र नव्हे. २००६ साली खेळाडूंच्या हितासाठीं स्थापन झालेल्या संघटनेचें अध्यक्षपद त्यांनीं पत्करलें. २००८ सालीं ऑलिंपिकची ज्योत दिल्लींत आली तेव्हां तिबेटी जनतेबद्दलच्या सहानुभूतीनें त्यांनीं ती हातीं घेण्याचें नाकारलें. मिळणारा मान तत्त्वासाठीं सोडणारीं माणसें थोडींच असतात.

२०११ सालीं आंतरराष्ट्रीय खेळांतून ते निवृत्त झाले आणि २०१४ सालीं तृणमूल काँग्रेसतर्फे दार्जिलिंगमधून लोकसभेस उभे राहिले. तेथें भारतीय जनता पक्षाचे अहलुवालिया यांनीं त्यांचा सुमारें १ लक्ष ९७ हजार मतांनीं पराभव केला. २०१६ सालीं सिलिगुडींत विधानसभेसाठीं ते पुन्हां उभे राहिले व पुन्हां पडले. २०१८ सालीं तृणमूल सोडून त्यांनीं सिक्कीममध्यें 'हामरो सिक्कीम पार्टी' काढली. २०१९ सालीं स्वतः दोन जागीं उभे राहूनहि एकही हातीं लागली नाहीं. त्याच वर्षीं गंगटोकच्या पोटनिवडणुकींतहि अपयश आलें. अखेर सिक्कीम डेमॉक्रॅटिक फ्रंटमध्यें जाऊन २०२४ सालीं त्यांनीं बारफुंग येथून निवडणूक लढविली. तीहि हरल्यावर त्यांनीं निवडणुकींचें राजकारण सोडल्याचें जाहीर केलें.

आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारी हार मात्र याहून वेगळी आहे. ता. २ सप्टेंबर २०२२ रोजीं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. येथें मतदार सामान्य जन नव्हते, राज्यसंघटनांचे प्रतिनिधि होते. माजी गोलरक्षक व भारतीय जनता पक्षाचे कार्यकर्ते कल्याण चौबे यांस ३३ मतें पडलीं, भूतियांस एक! त्यांचें नांव एका राज्यसंघटनेनें सुचविलें होतें व दुसरीनें त्यास अनुमोदन दिलें होतें. मत मात्र दोहोंपैकीं एकाहून अधिकांचें पडलें नाहीं, हें गणित वाचकांनींच मांडून पाहावें. चौबेहि लोकसभेच्या व विधानसभेच्या निवडणुकींत पडलेलेच होते. तेव्हां येथें जिंकली ती लोकप्रियता नव्हे, संघटना.

मग खेळाडू राजकारणांत जिंकतच नाहीं काय? तसेंहि नाहीं. मोहन बागानचे माजी खेळाडू प्रसून बॅनर्जी हे हावड्यांतून २०१३ सालच्या पोटनिवडणुकीपासून २०२४ पर्यंत लागोपाठ चार वेळां लोकसभेवर निवडून आले. पण त्यांच्यामागें त्या शहरांत पाय रोवलेला पक्ष होता. दार्जिलिंगच्या डोंगरांत स्वतंत्र गोरखालँडचा प्रश्न लोकांच्या जिव्हाळ्याचा. त्यास विरोध करणाऱ्या पक्षाचा झेंडा घेऊन आलेला पाहुणा, मग तो कितीहि आवडता असो, मतें कोठून मिळविणार? शिवाय दहा वर्षांत तीन पक्ष बदलणाऱ्याबद्दल मतदार साशंक होतो, हा दोष भूतियांच्या पदरीं घालावाच लागेल.

असें असलें तरी सहा वेळां जनतेपुढें जाणें व सहाहि वेळां निर्णय मान्य करणें, हें लहान काम नव्हे. आमच्या घरांतून मुलांस यशाचे धडे पुष्कळ दिले जातात. हरल्यानंतर कसें वागावें हें कोणी शिकवीत नाहीं, तें मैदानच शिकवितें. म्हणून परीक्षा जवळ आली कीं मुलाचा चेंडू कपाटांत कुलुपबंद करणाऱ्या वडील मंडळींस आमची विनंती आहे, कीं सायंकाळचा एक तास तरी तो बाहेर राहूं द्यावा. आणि मतदानाचे दिवशीं उमेदवाराच्या जुन्या टाळ्या न मोजतां, त्याचा पक्ष कोणता व त्यानें आपल्या गांवासाठीं काय केलें, हें अगोदर पाहावें.