पलटणीचा दिवस

मंडळी, गावदेवीची जत्रा जशी ठरल्या तिथीला भरते, तसा पलटणीचाही एक दिवस ठरलेला असतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा दिवस ४ फेब्रुवारी. १६७० साली याच तारखेला तानाजी मालुसरे यांनी प्राण वेचून कोंढाणा मिळवून दिला. खुद्द पलटण ९८ वर्षांनी, १७६८ साली उभी राहिली. पण तिने पूर्वज मानले ते मावळ्यांना.

या पलटणीचेच माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, सोबती पडल्यावर, ते एकटेच मशीनगनवर चालून गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो मरणोत्तर.

गुरुजी, पहिल्या महायुद्धाचा दगड आपल्याही गावात असेल. अशा दगडांवर बहुधा नुसता आकडा असतो : इतके गेले, इतके पडले. त्यांची नावे घरोघर विचारून मुलांकडून लिहून घ्या. नाव राहिले, तरच दिवस पाळण्याला अर्थ.