आवाज आला की बंद करा

सकाळी १०. जळगावच्या गोलाणी मार्केटची शटरं वर जातायत. मे महिना आहे, दुपारी पारा चव्वेचाळीसच्या पुढे जाणारच, म्हणून नाजूक काम सकाळी उरकायचं. आधी रात्रभर चाललेल्या मशीनकडे बघतो. एका केळी व्यापाऱ्याची बिघडलेली ५०० जीबीची डिस्क नक्कल काढायला लावली होती. धड असती तर दोन तासांत नक्कल झाली असती, ही अजून निम्मीच. पण मॅप फाइलमध्ये कुठवर वाचलं, काय सुटलं याची नोंद आहे. वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं.

१०:४५. धुळ्याहून पीएचडी करणारी मुलगी आली. तिकडची कॉलेजंही आपल्याच विद्यापीठाखाली, त्यामुळे तिचं जळगावला येणं असतंच. लॅपटॉपमध्ये अर्धा प्रबंध आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातल्या जुन्या कागदांचे फोटो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली दप्तरं सांभाळायला १९२७ मध्ये हे मंडळ उभं राहिलं.

‘‘नेमकं काय होतंय, ताई?’’

‘‘फोल्डर उघडायलाच दहा मिनिटं लागतात, दादा. चुलतभावाने काल चेकडिस्क चालवली, मग तर विंडोजच सुरू होईना.’’

हे रोजचंच. चेकडिस्क फाइलींची मांडणी दुरुस्त करायला जाते आणि त्यासाठी त्याच आजारी डिस्कवर लिहिते. डिस्क धड असेल तर ठीक, नाहीतर होतं तेही जातं. भाऊ मात्र नेहमी हुशारच असतो.

११:१५. डिस्क काढून लिनक्सच्या मशीनला जोडली. विंडोजवर लावत नाही, ते न विचारता काहीबाही लिहीत बसतं. डिस्कच्या स्वतःच्या नोंदीत पेंडिंग सेक्टर शेकड्यांनी निघाले, म्हणजे वाचायला गेलं आणि वाचता आलं नाही अशा जागा. साधं कॉपी-पेस्ट अशा जागी अडकून डोकं आपटत राहतं. त्याऐवजी वापरतो ते डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर आधी सोपं तेवढं उचलतं, वाईट भाग ओलांडून पुढे जातं, त्यांच्या कडा नंतर कुरतडतं आणि अगदी शेवटी मधला गाळ खरवडतं. डिस्क कधीही मान टाकू शकते, म्हणून आधी सोपं पदरात पाडून घ्यायचं. शेजारी छोटा पंखा लावला. कूलरची ओली हवा या टेबलावर येऊ देत नाही.

दुपारी २. एक अण्णा पिशवीतून डिस्क काढतात. जोडली आणि टक, टक, टक. लगेच वीज तोडली. डिस्क वाचणारं हेड गेलं. ‘‘रात्री फ्रीझरमध्ये ठेवली होती, पोराने मोबाइलवर पाहिलं होतं,’’ अण्णा सांगतात. आत दव धरतं, ते वेगळंच. हेड तबकडीवर काही नॅनोमीटर उंचीवरून फिरतं, त्याच्यापुढे धुळीचा कण म्हणजे रस्त्यात आडवा पडलेला धोंडा. खान्देशातल्या उन्हाळ्यात, उघड्या दुकानात डिस्कचं झाकण काढणारा माणूस फसवतोय असंच समजा. हे काम क्लीन रूमचं, त्यासाठी पुण्या-मुंबईला पाठवावं लागतं आणि खर्च मोठा. आत काय आहे विचारलं, तर टॅलीचा डेटा. त्याची प्रत सीएकडे असणार. अण्णा तिथूनच फोन लावतात. आहे!

४ ते ६. चहा, प्रिंटरची कार्ट्रिज, कुणाचा तरी विसरलेला पासवर्ड.

६:३०. धुळ्याची डिस्क बरीचशी उतरली. नकलेची आणखी एक नक्कल काढली आणि ती फक्त वाचण्यापुरती उघडली. प्रबंधाची फाइल शाबूत आहे. फोटोंपैकी काहींचा खालचा भाग करडा, तेवढे सेक्टर मिळाले नाहीत. मुलीने यादी करून घेतली. मूळ कागद धुळ्यात आहेत, फोटो पुन्हा काढता येतील.

८:३०. व्यापाऱ्याची डिस्क चालूच राहील. यूपीएस तपासला, शटर ओढलं.

लॅपटॉप अचानक मंद झाला, आतून नवा आवाज येऊ लागला, तर ‘एकदा बघू’ म्हणून पुन्हा सुरू करू नका. बंद करून आणा, आणि एसटीत मांडीवर घेऊन बसा.