मोटारसायकलची पेटी आणि पाठीमागचा दिवा



बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजी तहसील महाराष्ट्राच्या हद्दीलगत, वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेली आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशाचे तुकडे पडले. इथल्या लोकांची सोयरीक आणि बाजारहाट मात्र हद्दीच्या दोन्ही बाजूंना चालूच राहिली. वारासिवनीची हातमागाची साडी, गोंदियाची तांदळाची पेठ, तिरोड्याचा बाजार आणि घरचे धान या साऱ्यांशी व्यवहार ठेवायचा, तर माणसाला रोज पंधरा-वीस कोस हिंडावे लागते. पूर्वी हे हिंडणे छकड्यातून अथवा सायकलवरून होई. आज ते मोटारसायकलवरून होते. कापड विकणारा, दूध पोचविणारा, औषधांच्या दुकानांना माल देणारा, टपाल वाटणारा, अशा सर्वांचे दुकान आणि गोदाम गाडीच्या मागल्या भागावरच असते. म्हणूनच टणक पेटी कशी बसवावी आणि ती बसविल्यावर मागचा दिवा झाकला जाऊ नये म्हणून काय करावे, या दोन प्रश्नांचा आज आपण एकत्र विचार करणार आहोत. हे प्रश्न वेगळे वाटले, तरी पहिल्याचे उत्तर चुकले की दुसऱ्याचे आपोआप चुकते.

प्रथम पेटीचा विचार करू. कापडी झोळी अथवा पोते दोरीने बांधले, तर पावसात माल भिजतो, खड्ड्यात दोरी सैल पडते आणि तिचे लोंबते टोक चाकात अडकण्याचे भय असते. टणक पेटीला झाकण असते, कुलूप असते आणि तिचा आकार बदलत नाही. हे तिचे गुण होत. तिचा दोष वजनाचा. पोलादाची घनता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट असते. त्यामुळे गावच्या कारागिराकडून जाड पोलादी पत्र्याची ट्रंक करवून घेतली, तर माल भरण्यापूर्वीच गाडीची भारक्षमता बरीचशी संपून जाते. ॲल्युमिनियमची किंवा चिवट प्लॅस्टिकची पेटी यासाठी बरी. कॅरियरवर किती भार चालेल, हे गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेले असते. काही गाड्यांच्या बाबतीत ही मर्यादा तीन ते सात किलोंइतकी लहान असते. ती वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटते. परंतु तिच्यामागे साधे तरफेचे गणित आहे.

समजा, गाडीच्या दोन चाकांच्या आसांमधील अंतर 130 सेंटिमीटर आहे आणि 15 किलोंची भरलेली पेटी मागल्या आसाच्याही 25 सेंटिमीटर मागे टेकलेली आहे. मागचे चाक येथे तरफेचा टेकू होते. त्यामुळे पुढच्या चाकावरचा भार सुमारे तीन किलोंनी कमी होतो आणि मागच्या चाकावर पंधराऐवजी सुमारे अठरा किलो पडतात. पुढचे चाक हलके झाले की हँडल डुलू लागते. चढावर, वाळूत आणि पावसाळी चिखलात हे विशेष जाणवते. म्हणून जड वस्तू नेहमी खाली आणि पुढे असाव्यात व हलक्या वस्तू वर आणि मागे असाव्यात. दोन बाजूंना दोन पेट्या लावल्या, तर त्यांचे वजन होईल तितके समान ठेवावे, आणि त्यांची रुंदी हँडलच्या रुंदीबाहेर जाऊ देऊ नये. जेथून हँडल गेले तेथून आपली गाडी गेली, असा चालविणाऱ्याचा हिशेब असतो. पेट्या त्याहून रुंद असतील, तर पुलाचा कठडा किंवा बैलगाडीचे चाक तो हिशेब चुकविते.

पेटीची चौकट गाडीच्या मूळ सांगाड्यावरील बोल्टांनाच कसली पाहिजे. चिखल अडविणारा मागचा पत्रा अथवा दिव्याची पट्टी भार सोसण्यासाठी केलेली नसते. खडबडीत रस्त्यावर ती काही दिवसांतच तडकते आणि दिव्याची तार तोडून जाते. बोल्टाखाली स्प्रिंग वायसर घालावा आणि पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर सर्व बोल्ट पुन्हा एकदा कसून पाहावेत. डाव्या बाजूला पेटी लावण्यासाठी साडीगार्ड काढून टाकण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. मागे बसणाऱ्याचा हातपकड, पाय ठेवण्याची जागा आणि मागले चाक निदान अर्धे झाकणारे संरक्षण, या तीन गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 123 प्रमाणे आवश्यक आहेत. पदर किंवा ओढणी चाकात ओढली गेली तर काय होते, हे सांगण्याची गरज नाही.

याच नियमात 2020 साली हलक्या पेटीविषयी स्पष्ट तरतूद झाली. पेटीची लांबी 550, रुंदी 510 आणि उंची 500 मिलिमीटरांहून अधिक नसावी. ती मागच्या माणसाच्या जागेवर बसविली असेल, तर गाडीवर चालकाशिवाय दुसरे कोणी बसू नये. ती त्या जागेच्याही मागे असेल, तर गाडीच्या एकूण भारमर्यादेत राहून मागे माणूस बसविता येतो. नियम केंद्राचा असल्यामुळे बालाघाटच्या एम. पी. 50 क्रमांकाच्या गाडीला आणि गोंदियाच्या एम. एच. 35 क्रमांकाच्या गाडीला तो सारखाच लागू आहे.

आता दिव्याकडे वळू. मागचा दिवा दोन कामे करतो. अंधारात तो 'येथे गाडी आहे' असे सांगतो, आणि ब्रेक दाबताच 'गाडी थांबते आहे' असे सांगतो. जुन्या पद्धतीच्या दिव्यात एकाच काचेत दोन तारा असतात, एक 5 वॅटची आणि दुसरी 21 वॅटची. पहिली रात्रभर मंद जळते, दुसरी ब्रेकबरोबर प्रखर पेटते. या दोहोंतील फरक डोळ्याला चटकन कळला पाहिजे. काच धुळीने माखलेली असेल, किंवा शोभेसाठी तिच्यावर काळसर पापुद्रा चिकटविलेला असेल, तर दोन्ही प्रकाश सारखेच मलूल दिसतात आणि थांबण्याची खूण हरवते.

पेटी येथे कशी आड येते ते पाहा. दिवा जमिनीपासून 80 सेंटिमीटर उंचीवर आहे. पेटीचा तळ त्याच्या अवघा 5 सेंटिमीटर वर आहे आणि पेटी दिव्याच्या मागे 30 सेंटिमीटर बाहेर आलेली आहे. मागून येणाऱ्या ट्रकचालकाचे डोळे 240 सेंटिमीटर उंचीवर आहेत असे धरू. या मापांनी हिशेब केला, तर तो चालक दिव्यापासून सुमारे साडेनऊ मीटरांच्या आत येताच पेटीचा काठ त्याच्या नजरेच्या आड येतो आणि ब्रेकचा दिवा त्याला दिसेनासा होतो. सायकलस्वाराला अथवा पायी चालणाऱ्याला तोच दिवा स्वच्छ दिसत असतो. त्यामुळे अंगणात उभे राहून पाहणाऱ्या मालकाला काही बिघडले आहे असे वाटतच नाही. पेटी 10 सेंटिमीटर अधिक उंच बसविली, तर हे आंधळे अंतर सुमारे तीन मीटरांवर येते. पण उंची वाढली की तोल बिघडतो. म्हणून खरा उपाय असा की पेटी शक्य तितकी पुढे सरकवावी आणि तिच्या मागल्या पाठीवर मूळ दिव्याच्याच तारांना जोडलेला दुसरा तांबडा दिवा बसवावा. बाजूच्या पेट्यांमागे वळणदर्शक दिवे झाकले जात असतील, तर तेही मागे सरकवावेत.

हा जादा दिवा एलईडी प्रकारचा घेणे हिताचे. तो वीज थोडी खातो, आणि त्याचा मोठा गुण त्वरेचा आहे. तार तापून पूर्ण उजळायला एका सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो. एलईडी जवळजवळ तत्क्षणी पेटतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने मागून येणारे वाहन तेवढ्या वेळात तीन मीटरांहून अधिक पुढे येते. ब्रेक लावण्यासाठी मागच्या चालकाला तेवढा रस्ता जास्त मिळतो. वळणदर्शकासाठी एलईडी लावले, तर मात्र वीज कमी वाहिल्यामुळे ते भराभर उघडझाप करू लागतात. त्यासाठी योग्य फ्लॅशर बदलून घ्यावा.

रंगाच्या बाबतीत स्वैरपणा नको. मागे तांबडा प्रकाश आणि वळणासाठी नारिंगी, ही जगभर मान्य झालेली भाषा आहे. मागे निळा किंवा लखलखणारा पांढरा दिवा लावणे नियमबाह्य आहे. शिवाय अंधारात तो पाहणाऱ्याला गाडी आपल्याकडे येते आहे असा भास होतो. क्रमांकाची पाटी उजळणारा लहान पांढरा दिवा तेवढा योग्य. पेटीने ती पाटी झाकली जाणार नाही, हेही पाहावे.

दिव्याच्या जोडीला परावर्तक पट्टी हवी. तिच्यातील बारीक लोलक अथवा काचेचे मणी आलेला प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवितात. तार तुटली, बॅटरी उतरली, तरी पट्टी आपले काम करते. पेटीच्या मागल्या दोन्ही कडांना तांबड्या पट्ट्या लावल्या, तर मागच्या चालकाला गाडीची रुंदी कळते. परंतु मागच्या वाहनाला स्वतःचा पुढचा दिवा नसेल, तर पट्टी मुकी राहते. म्हणून दिवा आणि पट्टी यांपैकी एकावर विसंबू नये.

भारत सरकारच्या नोंदीप्रमाणे 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे दगावली, आणि त्यांपैकी 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरील होती. थंडीच्या पहाटे वैनगंगेकाठी धुके उतरते, कापणीच्या दिवसांत धानाच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर असतात. अशा वेळी आपली पाठ दुसऱ्याला दिसणे, ही आपल्या कुटुंबाची काळजीच होय.

शेवटी एक छोटी परीक्षा सांगतो. आज संध्याकाळी पेटी भरून गाडी उभी करा. घरच्या कोणाला तरी आधी पुढचा आणि नंतर मागचा ब्रेक वेगवेगळा दाबायला सांगा, कारण दोहोंचे स्विच निराळे असतात. आपण वीस पावलांवरून पाहा, मग जवळ येऊन एखाद्या ओट्यावर चढून पाहा. पायाच्या ब्रेकने दिवा उशिरा पेटत असेल, तर त्या स्विचवरील नट थोडा फिरविला की तो लवकर पेटू लागतो. भरलेल्या पेटीमुळे पुढच्या दिव्याचा झोत वर चढला असेल, तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून तोही खाली आणा. मागल्या टायरमधील हवा पुस्तिकेप्रमाणे ठेवा. ओल्या फडक्याने काच आणि पट्टी पुसा. या कामाला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.