डोंगराला वणवा, झळ उसाला



संक्रांत सरली की आपल्या भागात दोन गोष्टी बरोबरच दिसू लागतात. इकडे गळीत हंगाम ऐन भरात येतो आणि तिकडे पश्चिमेच्या डोंगरावर रात्री लाल माळा पेटतात. लहानपणी आम्हीही त्या अंगणात उभे राहून कौतुकाने पाहिल्या आहेत. पण ती दिवाळी नव्हे, तो वणवा. दर साल लागतो म्हणून त्याचे कोणाला काही वाटेनासे झाले आहे. त्याविषयी या अंकात चार शब्द लिहिण्याचे कारण एवढेच, की यातले बरेच वणवे आपल्यापैकीच कोणाच्या तरी काडीने लागतात आणि नुकसान फिरून आपल्याच रानात येते.

आग केव्हा भडकते?

वन विभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम धरतो. पावसाळ्यात कमरेइतके वाढलेले गवत या सुमारास वाळून खडखडीत होते. पानगळीचा पाला त्यावर पडतो. दुपारी हवेतला ओलावा कमी होतो, वारा सुटतो. एवढी तयारी निसर्ग करून ठेवतो; ठिणगी मात्र बहुतेक वेळा माणूस देतो. कोणी बांध पेटवतो, कोणी मधासाठी धूर करतो, कोणी विडीचे थोटूक टाकून पुढे जातो.

आगीचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा. ती उताराला रांगते आणि चढाला धावते. चढावर ज्वाला पुढच्या गवतावर झुकते व ते आधीच तापवून ठेवते. चढ दहा अंशांनी वाढला, की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात 11 मार्च 2018 रोजी डोंगर चढायला गेलेली मंडळी वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक जीव गेले. तोही आपलाच पश्चिम घाट.

'पेटवलं की गवत चांगलं येतं'

ही समजूत गावोगाव ऐकू येते. राख पडल्यावर कोवळे फुटवे लवकर दिसतात, एवढे त्यात खरे आहे. पण दरवर्षीच्या आगीत चांगल्या गवताचे बी जळते आणि कुसळी व घाणेरी माजते. पिकलेल्या कुसळीला जनावर तोंड लावत नाही. झाडांची रोपे तर वीतभरही वाढू शकत नाहीत. शिवाय जमिनीवरचे पांघरूण गेल्यामुळे वळवाच्या पहिल्या पावसात माती ओढ्याला लागते आणि तिथून धरणात जाऊन बसते. पाणी मुरत नाही, म्हणून झरे लवकर आटतात. कोयना, वारणा, पंचगंगा यांचे पाणी याच डोंगरांतून येते आणि आपल्या पाणीपुरवठा संस्थांच्या मोटारी तेच उपसतात. डोंगर उघडा पडला तर ऊस कशावर पिकवायचा?

दुसरी गोष्ट गव्यांची. राधानगरीचे जंगल गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. कोयना आणि चांदोलीचे जंगल मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तिथेही गवे आहेत. वरचा चारा जळाला की हे जनावर खाली उसात उतरणारच. मग आपण रात्रभर राखण करतो आणि दोष गव्याला देतो.

कायदा काय सांगतो?

भारतीय वन कायदा, 1927 च्या कलम 26 प्रमाणे राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे. बंदीच्या काळात तिथे विस्तव नेणे वा पेटवणे हाही गुन्हाच आहे. याच कलमात आणखी एक तरतूद आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर शासन त्या जंगलातील चराईचे व वनोपजाचे हक्क काही काळ बंद करू शकते. म्हणजे काडी एकाची आणि उपाशी दावण साऱ्या गावाची! कलम 79 प्रमाणे, ज्यांना जंगलात चराईचा वा वनोपजाचा हक्क आहे त्यांनी आगीची खबर ताबडतोब देणे आणि कोणी बोलावण्याची वाट न पाहता विझवायला लागणे बंधनकारक आहे.

रात्रीचे कोण बघतंय, असेही समजू नये. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना वन विभागाला पाठवते. पण सूचना आली तरी डोंगरात बंब चढत नाही. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' अशी गत होते. जवळ असतो तो फक्त गावचा माणूस.

आपल्या फडाचे काय?

तोडणी आणि आगीचा हंगाम एकाच वेळी येतात, म्हणून आपली जबाबदारी जास्त. गट ऑफिसात एक वडीलधारे सभासद म्हणाले, "आमच्या आज्यापासून पाचट पेटवतोय, आजवर काय झालं नाही." झाले नाही हे नशीब. वाऱ्याला बांध दिसत नाही आणि आगीला गट नंबर कळत नाही. डोंगराकडेच्या रानातले पाचट पेटले, तर वारा ते जंगलात नेतो किंवा शेजाऱ्याच्या उभ्या उसात.

तोडीची पाळी लांबते, टोळी फड पेटवा म्हणते, ही तक्रार खोटी नाही. शेतकी विभागालाही ती ठाऊक आहे. पण जळालेल्या उसाचे वजन घटते, उतारा घटतो आणि बिलात कपात होते, हेही तितकेच खरे.

पाचट ही तर घरची खताची पोती आहेत. एका हेक्टरातून 8 ते 10 टन पाचट निघते व त्यात 40 ते 50 किलो नत्र असते. पेटवले की त्यातले बहुतेक धुरात जाते. त्यापेक्षा बुडख्यांवरचे पाचट सरीत ओढावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत, टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट व 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. ओल टिकते, तण दबते, खोडवा चांगला येतो.

सभासदांना विनंती

1. जंगलालगतच्या बांधावरचे गवत 15 फेब्रुवारीपूर्वी कापून काढावे, पेटवू नये.

2. तोडणी टोळ्यांच्या चुली मोकळ्या जागी, पालांपासून व पाचटापासून दूर असाव्यात. निघताना पाणी ओतून विस्तव विझवावा.

3. वणवा दिसताच वनरक्षक व पोलीस पाटील यांना कळवावे.

4. विझवायला जाताना एकटे जाऊ नये. ओल्या डहाळ्यांनी बाजूने झोडपत जावे. आगीच्या वर, चढाला कधीही उभे राहू नये. पळायची वेळ आलीच, तर जळून विझलेल्या काळ्या जागेत जावे.

काडी ओढायला क्षण पुरतो. जळालेले झाड पुन्हा उभे राहायला आपल्या पोराबाळांचे वय जाते. यंदा संध्याकाळी डोंगराकडे पाहिले, तर तो काळोखातच दिसावा, एवढीच इच्छा.