कोकमाच्या गोळीने पोट उतरते का?

गेल्या महिन्यात महिला मंडळाच्या बैठकीत एका ताईंनी पिशवीतून गोळ्यांची बाटली काढली. बाराशे रुपयांची. वर फळाचे चित्र आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असे ठळक अक्षरात. धुणीभांडी करून साठवलेले पैसे होते, म्हणून उत्तर द्यायची आम्हीही घाई केली नाही.

त्या फळाचे नाव गार्सिनिया. केरळात ते माशांच्या कालवणात आंबटपणासाठी टाकतात. आपले कोकम त्याचेच भावंड. दोन्हींच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असते. अंगात जास्तीच्या साखरेची चरबी बनते, त्या कामातल्या एका एन्झाइमला हे आम्ल अडवते. उंदरांवर तसा परिणाम दिसलाही. म्हणजे बाटलीवरची गोष्ट सगळीच खोटी नाही, आणि माणूस फसतो तो इथेच.

कारण माणसांवर तपासले तेव्हा वेगळेच निघाले. न्यूयॉर्कमध्ये 135 लठ्ठ माणसांवर 12 आठवडे चाचणी झाली. 1998 साली ती छापून आली. काहींना रोज 1500 मिलिग्रॅम हे आम्ल दिले, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळते ते त्यांना ठाऊक नव्हते. जेवण सगळ्यांना सारखेच बेताचे. आम्लवाल्यांचे वजन सरासरी 3.2 किलो उतरले आणि कोऱ्या गोळीवाल्यांचे 4.1 किलो! गोळीचा फायदा दिसलाच नाही. वजन उतरवले ते जेवणाने.

पैसे गेले एवढ्यावरच भागले तर नशीब. अशा गोळ्यांनी यकृत बिघडल्याच्या नोंदी डॉक्टरांकडे आहेत. मे 2009 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिथल्या एका खपाऊ ब्रँडच्या वजन उतरवणाऱ्या गोळ्या घेऊ नका असे लोकांना सांगितले. कावीळ, यकृताची इजा आणि एक मृत्यू त्यामागे होता. म्हणून डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर गोळी त्याच दिवशी बंद करून दवाखाना गाठावा.

निसर्गातून आलेले काहीच चालत नाही, असेही नाही. ऑर्लिस्टॅट हे औषध मातीतल्या एका जिवाणूच्या रसायनावरून बनले. खाल्लेल्या चरबीपैकी साधारण तिसरा हिस्सा ते पचू देत नाही. पण ते डॉक्टरांनीच द्यायचे, आणि तेलकट जेवलात तर संडासला पळापळ होते.

आम्ही ताईंना सांगितले, ते स्वयंपाकघरातलेच. मटकी, हुलगे, ज्वारीची भाकरी यांतला चोथा पोट लवकर भरवतो आणि साखर रक्तात हळू सोडतो. भिजवलेल्या मेथीदाण्यांतला चिकट पदार्थही तेच करतो. मात्र मधुमेहाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, साखर फार उतरू शकते. तेल माणशी महिन्याला पाऊण किलोच्या आसपास ठेवा. चार माणसांच्या घरात पाच पिशव्या संपत असतील, तर पोट कुठून आले ते शोधायला लांब जायला नको.

आणि हो, जाड माणूस आळशीच असतो, हे आम्हाला मान्य नाही. दहा बाय दहाची खोली, पहाटेचे पाणी भरणे, कामावर जाताना वडापाव. स्वस्तात पोट भरते ते मैदा, साखर आणि तेलानेच.

काट्यापेक्षा टेप बरी. कमरेचा घेर बाईचा 80 सेंटीमीटर, पुरुषाचा 90 ओलांडला की तिशीच्या पुढच्यांनी सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. तिथे ते मोफत होते.

आमसूल डाळीत टाकत राहा, त्याची चव सोडायचे कारण नाही. फक्त बाटलीतले कोकम सरबत जपून. त्यात कोकम थोडे आणि साखरच जास्त असते.